शेवटचे पाच सेकंद : बास्केटबॉलमधला थ्रो-इन आणि साध्या चालीचा विचार



तत्त्वज्ञान शिकवण्यात ज्यांची हयात गेली त्यांनी बास्केटबॉलच्या थ्रो-इनवर काय बोलावं, असा प्रश्न शिरूरला आणि दौंडला, दोन्हीकडे विचारला गेला. प्रश्न रास्तच आहे. पण थोडक्या वेळात, अपुऱ्या माहितीवर, चार जणांच्या भरवशावर निर्णय कसा घ्यायचा, हा प्रश्न तत्त्वज्ञानात फार जुना आहे. बास्केटबॉलच्या कोर्टावर तो इतका उघडा दिसतो की तिथून शिकायला आम्हाला संकोच वाटत नाही. आजचं बोलणं मुख्यतः क्रीडाशिक्षकांसाठी आणि खेळणाऱ्या मुलामुलींसाठी आहे. बाकीच्यांनीही ऐकावं, फार तांत्रिक होणार नाही याची काळजी घेऊ.

प्रसंग असा धरू. मुलींचा सामना आहे. गुणफलक ४१-४२, आपण एका गुणाने मागे. घड्याळात चार सेकंद उरलेत. चेंडू बाजूच्या रेषेबाहेर गेलाय आणि तो आपला आहे. आता एक मुलगी रेषेबाहेर उभी राहून चेंडू आत टाकणार. यालाच थ्रो-इन म्हणतात. अशा वेळी बहुतेक ठिकाणी काय होतं? चारही मुली चेंडूकडे धावत येतात. चौघी हात वर करून "मला, मला" ओरडतात. बाहेरून सर ओरडतात, "उंच पोरीकडे टाक!" समोरच्या संघालाही ते ऐकू येतं, त्यामुळे उंच पोरीभोवती तिघी जमतात. फेकणारी थांबते, पुन्हा बघते, आणि पंचांची शिट्टी वाजते. पाच सेकंद संपले, चेंडू गेला.

यात कोणाचं कौशल्य कमी पडलं? कोणाचंच नाही. कमी पडलं ते आधी ठरवणं.

पणाला काय लागलेलं असतं

शिरूर आणि दौंड हे मूळचे कबड्डीचे, कुस्तीचे, खो-खोचे तालुके. घोड आणि भीमा या नद्यांच्या काठची ऊसपट्ट्यातली गावं, रांजणगाव आणि कुरकुंभची औद्योगिक वसाहत, दौंडचं रेल्वे जंक्शन आणि राज्य राखीव पोलीस दलाचे तळ. इथे खेळाला मान आहे, पण बास्केटबॉलला वेळ आणि जागा दोन्ही बेताचीच. मुलं न्हावऱ्याहून, पाटसहून, केडगावहून एसटीने येतात. शाळा सुटल्यावर सराव करायचा तर परतीच्या गाडीकडे एक डोळा ठेवूनच. शहरातल्या क्लबातली मुलं रोज दोन तास खेळत असतील, तर इथल्या शिक्षकाच्या हाती आठवड्याला मोजके तास असतात.

आणि एका गुणाने हरण्याची किंमत आपल्याकडे मोठी असते. शालेय स्पर्धांची रचना तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशी पायऱ्यांची आहे. वरच्या पायरीवर पोचलेल्याला दहावी-बारावीत क्रीडा सवलतीचे गुण मिळू शकतात. पुढे शासकीय नोकरीत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. पहाटे रस्त्यावर भरतीसाठी धावणारी पोरं-पोरी बघितली की या पायऱ्यांचं महत्त्व वेगळं सांगावं लागत नाही. शिवाय एक किंमत कुठे नोंदली जात नाही. शेवटचा चेंडू जिच्या हातून गेला, तिला गावी परतताना काय ऐकावं लागतं, आणि पुढच्या वर्षी ती खेळायला येते की नाही. म्हणून शेवटची चाल आखणं हे शिक्षकाचं कर्तव्य आहे, हौस नव्हे.

नियम आपल्याला काय देतो

आधी नियम बघू, कारण चालीचा कच्चा माल नियमातच असतो.

डिसेंबर १८९१ मध्ये अमेरिकेत स्प्रिंगफील्ड इथे जेम्स नायस्मिथ यांनी हा खेळ तयार केला, तेव्हा त्यांनी तेरा नियम लिहिले. रेषेबाहेरून चेंडू आत टाकणाऱ्याला पाच सेकंद मिळतील, जास्त वेळ धरला तर चेंडू समोरच्यांचा, ही तरतूद त्या पहिल्या तेरा नियमांतच आहे. खेळ कितीतरी बदलला, पण हे पाच सेकंद तसेच राहिले.

आता नीट लक्ष द्या, सगळ्या विषयाची किल्ली इथे आहे. कोर्टावर दोन घड्याळं असतात. एक फेकणाऱ्याचं, पाच सेकंदांचं, ते पंच मनात मोजतात. दुसरं सामन्याचं. थ्रो-इनच्या वेळी सामन्याचं घड्याळ थांबलेलं असतं आणि आत टाकलेल्या चेंडूला कोर्टातल्या खेळाडूचा स्पर्श झाला की मगच ते सुरू होतं. म्हणजे काय? फलकावर चार सेकंद दिसत असले तरी आपल्याकडे चार नाहीत, नऊ आहेत. पहिल्या पाचांत पळणं, आडोसा देणं, समोरच्याला चकवणं हे सगळं फुकट होतं. सामन्याचे चार सेकंद फक्त चेंडू पकडून बास्केटकडे टाकण्यासाठी वापरायचे. जी चाल चेंडू आत आल्यावर सुरू होते, ती हे फुकटचे पाच सेकंद वाया घालवते.

आणखी काही नियम ध्यानात ठेवायचे. बाजूच्या रेषेवर पंचांनी दाखवलेल्या जागेवरून फेकणाऱ्याला आडवं एकूण एक मीटरच सरकता येतं, मागे मात्र हवं तितकं जाता येतं. समोरच्या संघाने बास्केट केल्यानंतर बेसलाइनमागून चेंडू टाकताना मात्र ती पूर्ण रेषाभर पळू शकते. आपल्याकडे पुष्कळ शाळांत कोर्टाला लागूनच भिंत असते. रेषेबाहेर दोन मीटरपेक्षा कमी मोकळी जागा असेल, तर समोरच्या खेळाडूला फेकणाऱ्यापासून एक मीटर लांब उभं राहावं लागतं. हे मुलींना माहीत असलं पाहिजे.

शेवटच्या दोन मिनिटांत, चेंडू आपल्या मागच्या अर्ध्या भागातून आत टाकायचा असेल आणि प्रशिक्षकाने टाइमआउट घेतला, तर तो चेंडू पुढच्या भागातल्या थ्रो-इन रेषेवरून टाकण्याची मुभा मिळते. निम्मं कोर्ट पायाखालून न घालता मिळतं. त्या जागेवरून चेंडू पुढच्या भागातल्या साथीदाराकडेच टाकायचा असतो.

आता एक इशारा. मोबाइलवर अमेरिकन सामने बघून मुलं काही गोष्टी उचलतात. तिथे अडचणीत आलेला खेळाडू स्वतः टाइमआउट मागताना दिसतो. आपल्या स्पर्धा ज्या आंतरराष्ट्रीय नियमांवर चालतात, त्यांत टाइमआउट मागण्याचा अधिकार बाकावरच्या प्रशिक्षकाचा आहे, आणि चेंडू एकदा फेकणाऱ्याच्या हाती आला की ती संधी संपते. म्हणजे "काहीच जमलं नाही तर टाइमआउट घेऊ" हा मार्ग नाही. मागे फिरायला जागा हवी असेल, तर ती चालीतच ठेवावी लागते.

शेवटची गोष्ट, दशांशांची. घड्याळात ०.३ सेकंद किंवा जास्त असेल तर चेंडू पकडून शॉट मारता येतो. ०.२ किंवा ०.१ असेल तर फक्त हवेतल्या हवेत टोलवता येतो किंवा थेट वरून बास्केटमध्ये घालता येतो. २००४ साली लेकर्सच्या डेरेक फिशरने ०.४ सेकंद शिल्लक असताना चेंडू पकडून, वळून शॉट मारला आणि स्पर्सविरुद्धचा सामना ७४-७३ असा जिंकला. एक दशांश इकडे-तिकडे किती महत्त्वाचा असतो, हे त्यावरून कळेल. ज्या मैदानावर दशांश दाखवणारं घड्याळ नाही, तिथे शेवटचा सेकंद कसा मोजणार, हे पंचांना सामन्याआधीच विचारून घ्यावं.

कमी निर्णय म्हणजे काय

आता आमच्या विषयाकडे येतो. ॲरिस्टॉटलने नीतिशास्त्रावरच्या ग्रंथात म्हटलंय की माणूस साध्याविषयी खल करत नाही, साधनांविषयी करतो. वैद्य रोग्याला बरं करावं की नाही याचा विचार करत बसत नाही, कसं करावं याचा करतो. कोर्टावरही तसंच. गुण हवाय यावर पाचही जणींचं एकमत असतं. गोंधळ होतो तो "कसा" यावर, आणि तो खल करायला पाच सेकंद अपुरे आहेत. म्हणून खल सरावात संपवायचा.

याला प्रयोगाचा आधारही आहे. १९५२ साली हिक या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने दाखवलं की माणसापुढचे पर्याय वाढत गेले की प्रतिसादाला लागणारा वेळही वाढतो. पर्यायांची संख्या दुप्पट झाली की वेळात दर वेळी साधारण सारखी भर पडते. फेकणारीसमोर चार साथीदार, प्रत्येकीची दोन-दोन ठिकाणं, म्हणजे आठ पर्याय झाले. तेच आपण तीनवर आणले आणि त्यांचा क्रम लावून दिला, तर तिला निवड करायचीच नाही. पहिली मोकळी आहे का? नाही. दुसरी? आहे. टाक. प्रत्येक प्रश्नाचं उत्तर फक्त हो किंवा नाही.

दौंडकरांना हे पटकन समजेल. मनमाडकडून पुण्याला जाणाऱ्या गाडीचं इंजिन दौंडला काढून दुसऱ्या टोकाला लावावं लागे. मग कॉर्ड लाइन झाली आणि काही गाड्या इंजिन न बदलता सरळ जाऊ लागल्या. गाडी तीच, प्रवासी तेच, एक कृती तेवढी कमी झाली. चाल सोपी करणं म्हणजे हेच. खेळाडू बदलायचे नाहीत, मधली कृती काढून टाकायची.

पण एक सांभाळा. निर्णय कमी करायचे, शून्य नव्हे. "काहीही झालं तरी हिलाच टाक" अशी चाल समोरच्या संघाला एकदा कळली की मेली. तीन पर्याय आणि ठरलेला क्रम, हे प्रमाण शालेय संघाला झेपतं.

दोन चाली, पाच कामं

मुलींना क्रमांक देण्याऐवजी कामाची नावं द्यावीत. लक्षात राहतात. फेकणारी, नेमबाज, उंच, आडोसा आणि राखणदार. आडोसा म्हणजे इंग्रजीत ज्याला स्क्रीन म्हणतात ते काम: समोरच्या खेळाडूच्या वाटेत स्थिर उभं राहून आपल्या साथीदाराला मोकळं करणं. स्थिर हा शब्द महत्त्वाचा. दोन्ही पाय जमिनीवर, हात अंगाशी, हलायचं नाही. हलत आडोसा दिला की फाऊल. समोरचीच्या पाठीमागून, तिला न दिसता आडोसा द्यायचा असेल तर तिला एका पावलाइतकी जागा सोडायची.

पहिली चाल "रांग". चेंडू आपण ज्या बास्केटवर हल्ला करतोय तिच्याच बेसलाइनवरून टाकायचा असेल तेव्हाची. रंगवलेल्या आयताच्या फेकणारीकडच्या कडेवर चौघी एकीमागे एक उभ्या राहतात. पुढून नेमबाज, मग उंच, मग आडोसा, शेवटी राखणदार. फेकणारी चेंडूवर हात मारते, हीच खूण. नेमबाज फेकणारीच्या बाजूच्या कोपऱ्यात पळते. उंच सरळ बास्केटखाली जाते. आडोसा बास्केटच्या पलीकडच्या अंगाला जाते. राखणदार मागे, थ्री-पॉइंट रेषेच्या वरच्या टोकाशी. बघण्याचा क्रम: पहिली उंच, दुसरी नेमबाज, तिसरी राखणदार. चौघी एका ओळीतून चार दिशांना फुटल्या की राखणाऱ्यांना कोणी कोणाला धरायचं हे ठरवायला क्षणभर लागतो. तोच क्षण आपला.

दुसरी चाल "पेटी". चेंडू बाजूच्या रेषेवरून टाकायचा असेल तेव्हाची. रंगवलेला आयत ४.९ मीटर रुंद आणि ५.८ मीटर लांब असतो. त्याच्या चार कोपऱ्यांवर चौघी. बास्केटजवळच्या दोन कोपऱ्यांपैकी चेंडूकडच्यावर आडोसा, लांबच्यावर उंच. फ्री थ्रो रेषेच्या दोन टोकांपैकी चेंडूकडच्यावर राखणदार, लांबच्यावर नेमबाज. खूण झाली की खाली आडोसा पलीकडे जाऊन उंचला मोकळं करते आणि उंच बास्केटखालून चेंडूकडे येते. त्याच वेळी वर राखणदार पलीकडे जाऊन नेमबाजला आडोसा देते आणि नेमबाज चेंडूकडच्या बाजूला, थ्री-पॉइंट रेषेपाशी येते. आडोसा देऊन झाला की राखणदार मध्यरेषेच्या अलीकडे मोकळ्या जागेत जाते. मध्यरेषा ओलांडायची नाही. क्रम तोच: उंच, नेमबाज, राखणदार. दोन्ही चालींत क्रम एकच ठेवला, हे तुमच्या लक्षात आलं असेल. ते मुद्दाम आहे.

आणि दोन्ही चालींत पाचवा भाग आहे, जो बहुतेक जण विसरतात. फेकणारी बाहेर आहे तोवर आत चार विरुद्ध पाच अशी स्थिती असते. समोरच्यांची पाचवी खेळाडू कोणालाही दुहेरी धरू शकते. पण चेंडू सुटला की सगळ्यांची नजर चेंडूमागे जाते आणि फेकणारीकडे कोणी बघत नाही. तिने चेंडू टाकून जागेवर उभं राहून बघायचं नाही. लगेच आत येऊन जवळच्या कोपऱ्यात जायचं. कितीदा तरी सर्वांत मोकळी खेळाडू तीच असते.

फेकण्याची वेळ तिसऱ्या सेकंदापर्यंत. चौथ्याची वाट बघायची नाही, कारण समोरचेही मोजत असतात. १९६५ च्या एप्रिलमध्ये बोस्टन आणि फिलाडेल्फिया यांच्यातल्या सातव्या सामन्यात बोस्टन ११०-१०९ पुढे होतं. पाच सेकंद उरले होते आणि थ्रो-इन फिलाडेल्फियाचा होता. बोस्टनचा जॉन हॅवलिचेक पाठमोरा उभा राहून फेकणाऱ्याचे सेकंद मनात मोजत होता. आता चेंडू सुटणारच, अशा बेताला त्याने मागे नजर टाकली, हात घातला आणि चेंडू आपल्या साथीदाराकडे वळवला. सामना तिथेच संपला. उशिरा टाकलेला चेंडू कधी येणार हे समोरच्याला ठाऊक असतं.

संपूर्ण कोर्ट पार करायचं असेल तर

टाइमआउट उरला नाही आणि अठ्ठावीस मीटर लांब जायचंय, अशी वेळही येते. इथे तीन सामने बघण्यासारखे आहेत.

१९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकचा अंतिम सामना. अमेरिका ५०-४९ पुढे, तीन सेकंद शिल्लक. घड्याळाच्या गोंधळामुळे ते तीन सेकंद पुन्हा पुन्हा खेळवले गेले. शेवटच्या खेपेला सोव्हिएत संघाच्या इव्हान एदेश्कोने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चेंडू फेकला, अलेक्झांडर बेलोव्हने दोन अमेरिकनांमध्ये तो पकडला आणि बास्केट केली. ५१-५०. अमेरिकन संघाने निकाल मानला नाही, रौप्यपदकं आजही स्वीकारलेली नाहीत. त्या वादात आपण जाणार नाही. चालीपुरतं एवढंच बघा: फेकणाऱ्यासमोरचा उंच अमेरिकन खेळाडू त्या खेपेला मागे सरला होता.

दुसरा, १९९२ चा ड्यूक आणि केंटकी या विद्यापीठांचा सामना. २.१ सेकंद शिल्लक. केंटकीने फेकणाऱ्या ग्रँट हिलसमोर कोणालाच उभं केलं नाही. लेटनरने लांबून आलेला चेंडू पकडला, एकदा टप्पा दिला, वळला, शॉट मारला. ड्यूक १०४-१०३. दोन्ही सामन्यांचा धडा एकच. राखताना फेकणाऱ्याला मोकळं सोडू नका, आणि फेकताना समोर कोणी नसेल तर त्या मोकळीकीचा फायदा घ्या.

पण आपल्या मुलींनी अठ्ठावीस मीटर चेंडू नेमका टाकावा, ही अपेक्षा बरोबर नाही. म्हणून तिसरा सामना आपल्या कामाचा. १९९८ साली वाल्परायझो या छोट्या विद्यापीठाचा संघ मिसिसिपीविरुद्ध दोन गुणांनी मागे होता, २.५ सेकंद उरले होते. त्यांनी चेंडू एकाच फेकीत टोकाला नेला नाही. लांब फेक एका उंच खेळाडूकडे, त्याने हवेतच तो बाजूने पळत येणाऱ्या ब्राइस ड्रूकडे दिला, आणि ड्रूने तीन गुणांचा शॉट मारला. ७०-६९. ही चाल त्यांनी सरावात बसवलेली होती. दोन टप्प्यांत अंतर विभागलं की प्रत्येकीचं काम तिच्या ताकदीत बसतं. आपल्या मैदानावर हेच करायचं: मध्यरेषेच्या जरा पुढे उंच, तिच्या बाजूने धावत येणारी नेमबाज.

फेकणारी कोण असावी

इथे आम्हाला थोडं आग्रहाने बोलायचंय. आपल्याकडे सर्रास दिसतं की सर्वांत कच्च्या खेळाडूला बाहेर उभं करतात. "तू फक्त चेंडू टाक." अहो, "फक्त" कुठे आहे यात? चारही जणींना एकाच वेळी बघणारी, क्रमाने विचारणारी, वर दाखवून खालून टाकणारी खेळाडू ती. संघातली सर्वांत शांत डोक्याची मुलगी तिथे हवी. ती उंच नसेल, नेमबाज नसेल, चालेल. वर्गात जी मुलगी प्रश्न पूर्ण वाचून मगच उत्तर लिहायला घेते, तिला आधी विचारून बघा.

आणि आडोसा देणारीचं काय? तिच्या नावावर गुण लागत नाही. गुणपत्रकात तिचा रकाना रिकामा राहतो. पण तिने जागा सोडली तर चाल उभीच राहत नाही. चाल म्हणजे पाच जणींनी एकमेकींना दिलेला शब्द आहे. उंच पळते ती आडोसा मिळेल या भरवशावर. फेकणारी टाकते ती नेमबाज तिथे असेल या भरवशावर, कधी कधी ती तिथे पोचायच्या आधीच. म्हणून सरावानंतर शिक्षकाने पहिलं नाव आडोसा देणारीचं घ्यावं.

हरलो तर

समजा सगळं ठरल्यासारखं झालं. नेमबाज मोकळी झाली, चेंडू हाती आला, शॉट चांगला सुटला आणि कडेला लागून बाहेर पडला. चाल फसली का?

स्टोइक तत्त्वज्ञांनी धनुर्धराचं उदाहरण दिलं होतं, सिसेरोच्या लेखनात ते आपल्याला भेटतं. नीट नेम धरणं, दोरी ताणणं, बाण सोडणं हे धनुर्धराच्या हातात. बाण सुटल्यावर वारा येईल, लक्ष्य हलेल, ते त्याच्या हातात नाही. त्याच्या कौशल्याचा हिशेब बाण सुटेपर्यंतचाच करायचा. गीतेतला कर्म आणि फळाचा विचार तुम्हाला इथे आठवला असेल, आणि तो बरोबरच आठवला. फक्त हा विचार हरलेल्याला समजावण्यापुरता ठेवू नका. जिंकल्यावरही तोच लावा. गोंधळात कोणीतरी डोळे मिटून चेंडू भिरकावला आणि तो आत गेला, तर टाळ्या वाजवा, पण चाल फसली होती हे दुसऱ्या दिवशी सांगा.

म्हणून सामन्यानंतर शिक्षकाने तीनच प्रश्न विचारावेत. सगळ्या खुणेवर हलल्या का? फेकणारीने क्रमाने बघितलं का? चेंडू मोकळ्या खेळाडूकडे गेला का? तिन्हींचं उत्तर हो असेल, तर चाल यशस्वी झाली. शॉट चुकला असेल तर तो नेमबाजीच्या सरावाचा विषय आहे, दोषारोपाचा नाही. हे तीन प्रश्न सामन्याच्या आधीच मुलींना सांगून ठेवा. हिशेब कशाचा होणार हे ठाऊक असलेली मुलगी शेवटच्या क्षणी जास्त मोकळेपणाने खेळते.

सराव कसा घ्यावा

आता व्यवहाराचं बोलून थांबू. दोनच चाली शिकवा, रांग आणि पेटी. सहा शिकवल्या तर हिकचा नियम आपल्यावरच उलटतो. आधी खडूने जागा आखून, राखणाऱ्यांशिवाय, चालत चालत. मग पळत. मग राखणाऱ्यांसह. एकीने बाहेर उभं राहून मोठ्याने मोजायचं, एक, दोन, तीन. तीनपर्यंत चेंडू सुटलाच पाहिजे. अधूनमधून शिक्षकाने राखणाऱ्यांच्या कानात सांगावं की आज पहिला पर्याय बंद करा, म्हणजे फेकणारीला दुसऱ्याकडे वळायची सवय लागेल.

हा सराव सुरुवातीला ताज्या दमाने घेऊ नका. शेवटी घ्या, पाय दमलेले असताना, कारण सामन्यात ही वेळ तेव्हाच येते. पाच मिनिटं पुरतात, एसटी चुकत नाही. कामं आलटून-पालटून द्या, म्हणजे ऐन वेळी एखादी पाच फाऊल होऊन बाहेर गेली तरी चाल कोसळत नाही. आणि आपण एका गुणाने पुढे असताना चेंडू आपला असेल तर तोच क्रम उलटा करा. आधी राखणदार, मग चांगली फ्री थ्रो मारणारी. आपल्याच बास्केटसमोरून आडवा चेंडू मात्र कधी टाकायचा नाही.

टाइमआउटमध्ये नवीन काही शिकवू नका. फक्त चालीचं नाव घ्या आणि प्रत्येकीला तिचं काम तिच्याच तोंडून म्हणायला लावा. पाच जणींनी पाच वाक्यं म्हटली की मिनिटभराच्या टाइमआउटमधली निम्मी वेळ उरते. तेवढ्यात त्यांना पाणी पिऊ द्या.

इथे थांबतो. तुमच्या मैदानावर काही वेगळं करून बघितलं असेल, तर ते ऐकायला आम्हाला आवडेल.